गणिताच्या पदवीसाठी परवडणारा लॅपटॉप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागून प्रवेश सुरू झाले, की बी.एस्सी. गणिताला येणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक लॅपटॉपविषयी विचारू लागतात. मी महाविद्यालयात गणित शिकवतो. वर्गात, प्रात्यक्षिकांत आणि प्रकल्पाच्या वेळी विद्यार्थ्यांना जे खरोखर लागते, त्यावरून ही उत्तरे दिली आहेत. ज्या घरांना पन्नास हजारांहून अधिक खर्च शक्य नाही, आणि तेवढा करतानाही चार वेळा विचार करावा लागतो, अशी घरे डोळ्यांसमोर आहेत. किमती सतत बदलतात. २०२५ च्या अखेरीपासून रॅम, म्हणजे संगणकाची तात्पुरती स्मृती, महाग झाल्याने तर त्या फारच अस्थिर आहेत. म्हणून येथे किमतींपेक्षा काय पाहून घ्यावे, यावर भर दिला आहे.

१. बी.एस्सी. गणिताला लॅपटॉप लागतोच का? पहिल्या वर्षी घेऊन दिला नाही, तर मुलगी मागे पडेल का?

मागे पडणार नाही. पहिल्या वर्षाचे कलन, बीजगणित आणि भूमिती वही-पेनानेच शिकायची असते, आणि ती सवय मोडू नये असेच मला वाटते. आलेख पाहण्यासाठी जिओजेब्रा साध्या फोनवरही चालते. संगणकाची प्रात्यक्षिके महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत होतात. स्वतःच्या लॅपटॉपची खरी गरज दुसऱ्या वर्षापासून, म्हणजे प्रोग्रॅमिंगचा सराव घरी करावा लागतो तेव्हा, भासू लागते आणि प्रकल्प लिहिण्याच्या वेळी ती टाळता येत नाही. पैशांची ओढाताण असेल, तर पहिले वर्ष थांबावे. त्या वर्षभरात आपल्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात नेमके कोणते सॉफ्टवेअर आहे हेही कळते, आणि घाईत घेतलेल्या चुकीच्या यंत्रापेक्षा वर्षभर उशिरा घेतलेले योग्य यंत्र केव्हाही बरे.

२. गणिताच्या पदवीत लॅपटॉपवर नेमके काय चालवावे लागते?

पालकांच्या कल्पनेपेक्षा बरेच हलके काम असते. मुख्य साधन पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या आराखड्यात दुसऱ्या वर्षाच्या गणिताच्या प्रात्यक्षिकांमध्येच पायथन आले. त्यासोबत नमपाय, सिमपाय आणि मॅटप्लॉटलिब ही ग्रंथालये आणि लिहिण्यासाठी जुपिटर नोटबुक एवढे पुरते. काही ठिकाणी सायलॅब, ऑक्टेव्ह किंवा मॅक्सिमा ही आकडेमोडीची सॉफ्टवेअर शिकवतात. संख्याशास्त्र जोडविषय असेल तर ‘आर’ ही भाषा येते. प्रकल्प आणि शोधनिबंध लिहिण्यासाठी सूत्रे सुबक मांडणारे लाटेक लागते. ही सर्व सॉफ्टवेअर मोफत आहेत, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात त्यांपैकी अनेकांचे धडे मराठीतही आहेत.

काम किती हलके, याचा अंदाज एका उदाहरणाने येईल. पायथनला १००० चे क्रमगुणित विचारले, तर २,५६८ अंकी उत्तर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पडद्यावर येते, आणि हे प्रयोगशाळेतल्या सर्वांत जुन्या संगणकावरही असेच घडते. पदवीच्या तीन-चार वर्षांत लॅपटॉपचा बहुतेक वेळ पीडीएफ वाचण्यात, टाइप करण्यात आणि छोटे प्रोग्रॅम चालवण्यात जातो.

३. एका वाक्यात सांगा, कमीत कमी काय असलेला लॅपटॉप घ्यावा?

८ जीबी रॅम आणि ती वाढवता येईल असा रिकामा स्लॉट, ५१२ जीबीची एसएसडी (फाइली साठवणारी वेगवान डिस्क), बाराव्या पिढीचा इंटेल आय३ किंवा त्या तोडीचा एएमडीचा रायझन, आणि १९२० × १०८० चा आयपीएस पडदा. यांतले काही सोडावेच लागले, तर प्रोसेसरमध्ये एक पायरी खाली यावे. रॅमचा स्लॉट आणि एसएसडी मात्र सोडू नये. कारणे पुढच्या चार उत्तरांत आहेत; पडद्याचे प्रश्न १० मध्ये.

४. ८ जीबी रॅम पुरेल की १६ घ्यावी?

पदवीच्या अभ्यासाला ८ जीबी पुरते, पण काठोकाठ. याचा हिशेब स्वतः करून पाहता येतो. नमपाय प्रत्येक दशांश संख्येला ८ बाइट जागा देते. १०० × १०० च्या मॅट्रिक्समध्ये दहा हजार संख्या असतात, म्हणजे ८०,००० बाइट. ही जागा नगण्य आहे. १०,००० × १०,००० च्या मॅट्रिक्समध्ये मात्र दहा कोटी संख्या होतात आणि तिला ८० कोटी बाइट, म्हणजे ८०० एमबी लागतात. तिचा व्यस्त काढताना मूळ मॅट्रिक्स, उत्तर आणि मधली एखादी प्रत अशा तिघी एकाच वेळी स्मृतीत असतात, म्हणजे सुमारे २.४ जीबी. विंडोज आणि ब्राउझरचे पाच-सात टॅब यांनी ८ पैकी ४ ते ५ जीबी आधीच घेतलेली असते. हा हिशेब अजूनही बसतो. मॅट्रिक्स २०,००० ची केली, तर एकट्या तिलाच ३.२ जीबी लागते आणि हिशेब कोलमडतो. मग यंत्र एसएसडीचा रॅमसारखा वापर करू लागते आणि सेकंदांचे काम मिनिटांवर जाते.

एवढी मोठी मॅट्रिक्स पदवीच्या अभ्यासक्रमात सहसा येत नाही. रॅम खाणारी खरी गोष्ट म्हणजे व्हिडिओ व्याख्यान, तीन-चार पीडीएफ, ब्राउझर आणि जुपिटर हे सारे एकाच वेळी उघडे असणे. म्हणून आज ८ जीबी घेऊन दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी १६ करता येईल असे यंत्र निवडणे, हा मला सर्वांत शहाणा मार्ग वाटतो. रॅम पुढे वाढवता येणारच नसेल, तर सुरुवातीलाच १६ जीबी घ्यावी. ४ जीबीचा नवा लॅपटॉप कोणत्याही किमतीला घेऊ नये.

५. दुकानदार म्हणतो, रॅम नंतर वाढवता येईल. हे खरे आहे, हे कसे ओळखावे?

दुकानात मांडून ठेवलेल्या नमुन्यावरच पाहता येते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या, की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स या भागात मेमरीवर क्लिक केले, की खाली वापरलेल्या स्लॉटची संख्या दिसते. दोनपैकी एक वापरलेला दिसला, तर दुसरा बहुधा रिकामा असतो. ‘बहुधा’ म्हणायचे कारण असे, की काही यंत्रांत मदरबोर्डला सोल्डर केलेली रॅमही स्लॉट म्हणून मोजली जाते. त्यामुळे त्याच नेमक्या मॉडेलचे तपशीलपत्रक निर्मात्याच्या संकेतस्थळावर उघडून पाहावे. तेथे रॅम ‘एलपीडीडीआर’ प्रकारची लिहिली असेल, तर ती जवळपास नेहमी सोल्डर केलेली असते आणि बदलता येत नाही. ‘एसओ-डीआयएमएम’ लिहिले असेल, तर बदलता येते.

येथे एक मोठी मेख आहे. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ३ ७३२०यू हे प्रोसेसर केवळ एलपीडीडीआर५ रॅमवरच चालतात. म्हणजे हे प्रोसेसर असलेला ८ जीबीचा लॅपटॉप कायम ८ जीबीचाच राहणार; तो नंतर वाढवून देण्याचे आश्वासन कोणी दिले, तरी ते पाळता येणारे नाही.

६. २५६ जीबी पुरेल की ५१२ घ्यावी? आणि ५१२ घेतल्यावर लॅपटॉप ४७६ का दाखवतो?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते निखळ गणित आहे. निर्माता एक जीबी म्हणजे १०⁹ बाइट धरतो, तर विंडोज २³⁰ बाइट, म्हणजे १०७,३७,४१,८२४ बाइट धरते. ५१२ × १०⁹ ला २³⁰ ने भागले, की सुमारे ४७६.८ येते. फसवणूक झालेली नसते.

विंडोज आणि त्याची अद्यतने, पायथनचे पूर्ण ॲनाकोंडा वितरण सुमारे ५ जीबी, लाटेकसाठी पूर्ण टेक लाइव्ह सात-आठ जीबी, व्याख्यानांचे व्हिडिओ आणि घरातले फोटो हे सारे २५६ मध्ये मावते, पण चौथ्या वर्षापर्यंत आवराआवर करत राहावे लागते. दोघांच्या किमतीत फार फरक नसेल, तर ५१२ घ्यावी.

खरा धोका वेगळा आहे. पडद्याशेजारच्या चिठ्ठीवर ‘६४ जीबी’ किंवा ‘१२८ जीबी ईएमएमसी’ असे लिहिले असेल, तर तो लॅपटॉप तेथेच ठेवावा; ईएमएमसी ही एसएसडीऐवजी दिलेली स्वस्त, हळू साठवण असते. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांनी हप्त्यांवर ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी असलेला लॅपटॉप आणला होता. दोन महिन्यांत विंडोजच्या अद्यतनांनीच बहुतेक जागा व्यापली, आणि ॲनाकोंडा स्थापित करायला गेलो तर जागा अपुरी असल्याचा संदेश आला. आम्ही शेवटी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स या मोफत प्रणालीचा हलका प्रकार बसवून काम भागवले (प्रश्न १३ पाहा), पण त्या घराचे हप्ते पुढे वर्षभर चालू होते. हे मला अजून बोचते. ईएमएमसी यंत्राच्या आत जोडलेली असते, त्यामुळे ती काढून मोठी बसवण्याची सोयही नसते.

७. आय३, आय५, रायझन ५… या आकड्यांचा अर्थ कसा लावावा?

पुढच्या अक्षरांपेक्षा मागचा आकडा महत्त्वाचा. इंटेलच्या आय३-१२१५यू मधील ‘१२’ म्हणजे बारावी पिढी. या प्रोसेसरमध्ये दोन वेगवान आणि चार वीज वाचवणारे असे सहा कोअर, म्हणजे गणना करणारे भाग, आहेत आणि गणिताच्या पदवीला तो पुरून उरतो. जुन्या सातव्या पिढीच्या आय५ पेक्षा तो निश्चित वेगवान आहे, म्हणून ‘आय५ आहे’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही. इंटेलने अलीकडे ‘आय’ हे अक्षर काढून ‘कोअर ३’, ‘कोअर ५’ अशी नवी नावे दिली आहेत. सेलेरॉन एन४०२० आणि एन४५०० हे दोन कोअरचे प्रोसेसर मात्र टाळावेत.

रायझनच्या ७००० मालिकेत तिसरा अंक पाहावा, कारण अंतर्गत रचनेची पिढी तो सांगतो. ७५२०यू मध्ये तो २ आहे, म्हणजे २०१९ मध्ये आलेली झेन २ रचना. ७५३०यू मध्ये तो ३ आहे, म्हणजे झेन ३. जाहिरातीत दोन्ही ‘७००० मालिकेचे रायझन ५’ असतात. पहिल्यात चार कोअर आहेत, दुसऱ्यात सहा. इतकेच नव्हे, तर आधी आलेल्या रायझन ५ ५५००यू मध्येही सहा कोअर आहेत. म्हणजे मोठा आकडा दिसला म्हणून प्रोसेसर सरस ठरत नाही.

८. महागड्या लॅपटॉपवर गणिताची उत्तरे अधिक अचूक येतात का?

नाही, आणि हा प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याचे मला कौतुक वाटते. दशांश संख्या द्विमान पद्धतीत कशा साठवायच्या, याचे आयईईई ७५४ हे मानक १९८५ मध्ये आले आणि आजचे सर्व नेहमीचे प्रोसेसर ते पाळतात. पायथनमध्ये ०.१ + ०.२ लिहून पाहा. पंचवीस हजारांच्या जुन्या यंत्रावरही आणि दोन लाखांच्या नव्या यंत्रावरही उत्तर ०.३०००००००००००००००४ असेच येईल. १/१० या अपूर्णांकाचा द्विमान विस्तार अनंत आवर्ती असतो आणि तो कुठेतरी तोडावाच लागतो, म्हणून हे होते. जास्त पैशांनी वेग मिळतो. अचूकता मात्र पद्धत निवडण्यातून येते, आणि संख्यात्मक विश्लेषणाच्या पेपरात नेमके तेच शिकायचे असते.

९. ग्राफिक्स कार्ड लागते का? भाऊ म्हणतो, गेमिंग लॅपटॉप घे, सगळे चालेल.

लागत नाही. त्रिमितीय पृष्ठभागाचा आलेख प्रोसेसरसोबत येणारे ग्राफिक्स सहज काढते. गेमिंग लॅपटॉपचे वजन दोन-सव्वादोन किलोच्या पुढे जाते, चार्जरची वीट वेगळी, बॅटरी लवकर उतरते आणि तो भार रोज एसटीतून किंवा लोकलमधून वाहावा लागतो. अपवादाची परिस्थिती प्रश्न १९ मध्ये आहे.

१०. पडदा आणि कीबोर्ड यांकडे किती लक्ष द्यावे?

बहुतेक लोक देतात त्यापेक्षा बरेच अधिक. चार वर्षे रोज तासन्‌तास सूत्रे वाचायची आहेत. घातांक, पादांक, त्यांचेही पादांक हे छोटे अक्षर १३६६ × ७६८ च्या जुन्या पडद्यावर पुसट दिसते, म्हणून १९२० × १०८० हवा. स्वस्त यंत्रांत टीएन प्रकारचा पडदा असतो. किंचित बाजूने पाहिले तरी त्याचे रंग उलटे-फिके होतात, आणि मित्रासोबत एकाच पडद्यावर प्रमेय वाचणे अवघड जाते. आयपीएस पडद्यात तसे होत नाही. दुकानात जाताना नेहमीच्या वाचनातली एखादी गणिताची पीडीएफ पेन ड्राइव्हवर न्यावी, ती पूर्ण पान दिसेल अशी उघडावी आणि सर्वांत लहान पादांक चष्म्यासह नीट वाचता येतो का, ते पाहावे.

कीबोर्डवर लाटेकचा एक परिच्छेद टाइप करून पाहावा. उलटी तिरपी रेघ, महिरपी कंस आणि डॉलरचे चिन्ह या कळा लाटेकमध्ये सतत लागतात. त्या आखूड किंवा भलत्याच जागी असतील, तर रोजचा त्रास होतो.

११. गणित हाताने लिहायचे असते, मग टचस्क्रीन आणि पेनवाला लॅपटॉप घ्यावा का?

या बजेटमध्ये नको. त्यासाठी जो जादा खर्च होतो, त्यात रॅम वाढवता येते. कागदावर लिहून फोनच्या स्कॅनर ॲपने पीडीएफ करणे हे स्वाध्याय पाठवायला पुरेसे आहे. ऑनलाइन शिकवण्या घेऊन थोडी कमाई करणाऱ्या विद्यार्थ्यांना मात्र यूएसबीने जोडायचा साधा पेन टॅब्लेट आणि जर्नल++ (Xournal++) हे मोफत सॉफ्टवेअर उपयोगी पडते. पाटीकडे न पाहता पडद्याकडे पाहून लिहायला हात बसायला आठवडाभर लागतो.

१२. जुना किंवा रिफर्बिश्ड लॅपटॉप घेतला तर चालेल का?

चालेल, आणि बजेट पंचवीस हजारांच्या आसपास असेल तर नव्या पण कमकुवत यंत्रापेक्षा मी हाच मार्ग सुचवेन. कंपन्यांनी तीन-चार वर्षे वापरून काढून टाकलेले लेनोव्होच्या थिंकपॅड, डेलच्या लॅटिट्यूड आणि एचपीच्या एलिटबुक या मालिकांतले लॅपटॉप दणकट असतात. त्यांचे कीबोर्ड उत्तम असतात आणि सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतात. २०१८ मधील थिंकपॅड टी४८०, लॅटिट्यूड ७४९० आणि एलिटबुक ८४० जी५ यांत रॅमचे दोन स्लॉट आहेत. टी४८०एस या शेवटी ‘एस’ असलेल्या सडपातळ भावंडात मात्र काही रॅम सोल्डर केलेली असते.

मर्यादा एकच ठेवावी : इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची. विंडोज ११ साधारणपणे तेथूनच चालते. आय५-६३००यू किंवा आय५-७२००यू असलेले स्वस्त लॅपटॉप बाजारात भरपूर दिसतात, पण ते सहाव्या-सातव्या पिढीचे आहेत.

घेताना पुढील गोष्टी स्वतः कराव्यात. पडदा चार-पाच वेळा उघडून मिटून बिजागरी सैल झाली आहे का, ते पाहावे. पूर्ण पांढरे आणि पूर्ण काळे चित्र उघडून डाग किंवा मृत ठिपके शोधावेत. विंडोजचा बॅटरी अहवाल काढायला सांगावे; त्यात मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी असतात, आणि दुसरा आकडा पहिल्याच्या साठ टक्क्यांखाली असेल, तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वळता करून घ्यावा. लॅपटॉप पुन्हा सुरू करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ मांडणीत, शिरून पाहावे. तेथे पासवर्ड मागितला, तर घेऊ नये. विंडोज नव्याने स्थापित करताना एखाद्या कंपनीचे नाव किंवा कार्यालयीन लॉगिन समोर आले, तर ते यंत्र अजून त्या कंपनीच्या नोंदीत आहे, असे समजून परत करावे. आणि अनुक्रमांक लिहिलेली जीएसटी पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

१३. विंडोज घ्यावे की लिनक्स?

दोन्हींवर पदवी पूर्ण होते. प्रवेश अर्ज, शिष्यवृत्तीचे अर्ज, घरच्यांचा वापर यांसाठी विंडोज सोयीचे पडते. लिनक्सवर मात्र तेच यंत्र हलके वाटते आणि गणिताची साधने तेथे अधिक सहज बसतात. विल्यम स्टाइन यांनी २००५ मध्ये सुरू केलेले सेजमॅथ हे गणिताचे मोफत सॉफ्टवेअर त्याचे चांगले उदाहरण आहे : विंडोजवर ते डब्ल्यूएसएल या, विंडोजच्या आत लिनक्स चालवणाऱ्या, सोयीतून चालवावे लागते, आणि डब्ल्यूएसएल नेहमीच्या मांडणीत निम्मी रॅम घेऊ शकते, म्हणजे ८ पैकी ४ जीबी. लिनक्सवर हा भार नसतो. उबुंटू किंवा लिनक्स मिंट हे लिनक्सचे प्रकार पेन ड्राइव्हवरून आधी चालवून, वायफाय आणि आवाज नीट आहेत असे पाहून, मगच कायम बसवावे. विंडोज न काढता शेजारी लिनक्स बसवायचे असेल, तर आधी सर्व फाइलींची प्रत बाहेर काढून ठेवावी.

१४. घरी दादाचा जुना लॅपटॉप आहे, विंडोज १० चा. त्यावर भागेल का?

बहुतेक वेळा भागते. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, म्हणून त्यावर बँकेचे व्यवहार करत राहू नये. पण यंत्र टाकाऊ झालेले नाही. त्यात फिरणारी हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी बसवावी, रॅम किमान ८ जीबी करावी आणि लिनक्स मिंट किंवा लुबुंटू टाकावे. पाच मिनिटे घेऊन सुरू होणारा लॅपटॉप अर्ध्या मिनिटात सुरू होताना पाहिला, की घरच्यांनाही पटते. रॅम ४ जीबीवर अडकलेली असेल, तर लुबुंटूवर पायथन आणि लाटेक चालते, पण सोबत ब्राउझरचे फार टॅब उघडता येत नाहीत.

१५. मॅटलॅब आणि मॅथेमॅटिका विकत घ्यावे लागतात का?

ही गणिताची महागडी सॉफ्टवेअर स्वतःच्या पैशाने घेऊ नयेत. आधी आपल्या संस्थेकडे मॅटलॅबचा परवाना आहे का, ते विभागात विचारावे. नसेल, तर ब्राउझरमध्ये चालणारे मॅटलॅब ऑनलाइन महिन्याला २० तास मोफत वापरता येते, आणि ऑक्टेव्ह त्याच भाषेतले बहुतेक प्रोग्रॅम जसेच्या तसे चालवते. फक्त मॅटलॅबच्या वेगळ्या टूलबॉक्सवर आधारलेले प्रोग्रॅम अडतात. मॅथेमॅटिका रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर अव्यावसायिक वापरासाठी मोफत मिळते. महाविद्यालयाने एक रास्पबेरी पाय घेतला, तर ते अनेकांच्या कामी येते. कोणी ‘क्रॅक’ केलेली प्रत देऊ केली, तर घेऊ नये; अशा प्रतींबरोबर आलेल्या व्हायरसने परीक्षेच्या तोंडावर प्रकल्पाच्या फाइली गेल्याचे मी पाहिले आहे.

१६. आमच्या गावी वीज सतत जाते आणि इंटरनेट कमी आहे. काय पाहून घ्यावे?

बॅटरीची जाहिरातीतली तासांची संख्या सोडून वॅट-तासांचा आकडा पाहावा. वाचन आणि टायपिंग करताना असे यंत्र साधारण ७ वॅट वापरते असे धरले, तर ४२ वॅट-तासांच्या बॅटरीवर सहा तास मिळतात. बॅटरी जुनी होईल तसे ते कमी होतात. ५० वॅट-तासांच्या पुढे असेल, तर उत्तम. चार्जर अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटमध्येच लावावा. चार्जिंग चालू असताना लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर घरातले अर्थिंग तपासून घ्यावे.

गुगल कोलॅबसारख्या, इंटरनेटवरून दुसऱ्याच्या संगणकावर प्रोग्रॅम चालवणाऱ्या सेवांच्या भरवशावर कमकुवत यंत्र घ्या, असा सल्ला शहरात दिला जातो. तुमच्यासाठी तो चुकीचा आहे. सर्व साधने महाविद्यालयाच्या इंटरनेटवरून एकदाच उतरवून यंत्रावरच बसवावीत. लाटेकसाठी पूर्ण टेक लाइव्ह घ्यावे, कारण मिकटेक हे लाटेकचे दुसरे वितरण नेहमीच्या मांडणीत न बसवलेले पॅकेज गरज पडेल तेव्हा इंटरनेटवरून आणते आणि नेट नसेल तेव्हा नेमके तेथेच अडते.

१७. क्रोमबुक, टॅब्लेट किंवा मॅकबुक यांचे काय?

क्रोमबुकवर लिनक्स चालू करता येते, पण स्वस्त क्रोमबुकमध्ये ४ जीबी रॅम आणि ईएमएमसी असते; प्रश्न ६ मधली अडचण तेथेही येते. टॅब्लेट वाचायला आणि लिहायला छान आहे, प्रोग्रॅमिंगला नाही. मॅकबुक उत्तम यंत्र आहे, पण या पानाच्या बजेटबाहेर आहे, आणि त्याची रॅम पुढे वाढवता येत नाही.

१८. विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देण्याच्या सरकारी योजनेचा मेसेज आला आहे. अर्ज भरू का? आणि कर्जात लॅपटॉप बसतो का?

मेसेजमधल्या दुव्यावर आधार क्रमांक, बँकेचा तपशील किंवा ओटीपी अजिबात देऊ नये. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या (एआयसीटीई) नावाने फिरणारे मोफत लॅपटॉपचे असे संदेश खोटे असल्याचे पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्य तपासणी विभागाने जाहीर केलेले आहे. खरी योजना असेल, तर महाविद्यालयाच्या कार्यालयात तिचे परिपत्रक येते, तेथे विचारावे.

इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत अभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठी आवश्यक असलेल्या संगणकाचा वाजवी खर्च धरता येतो. त्यासाठी कर्जाच्या अर्जासोबतच दुकानाचे कोटेशन आणि शक्य असल्यास विभागाचे पत्र जोडावे. कर्ज मंजूर झाल्यावर ते घालणे त्रासाचे होते. दुकानातल्या ‘बिनव्याजी’ हप्त्यांत प्रक्रिया शुल्क आणि व्याजाच्या भागावरचा १८ टक्के जीएसटी लागू शकतो, म्हणून रोख किंमत आणि सर्व हप्त्यांची बेरीज या दोन संख्या कागदावर शेजारी लिहून मगच सही करावी.

१९. माझा जोडविषय संख्याशास्त्र आहे आणि पुढे डेटा सायन्सकडे जायचे आहे. तरीही हेच उत्तर का?

थोडे बदलते. मोठ्या सारण्या पूर्ण स्मृतीत घेऊन काम करणे ही आरची पद्धत असल्याने १६ जीबी रॅम सुरुवातीपासून असावी. मशीन लर्निंगची मोठी मॉडेल शिकवायला एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड लागते हे खरे, पण पदवीच्या पातळीवरचे असे काम वर्षातून दोन-चार वेळा येते आणि तेवढ्यासाठी कोलॅबचे मोफत ग्राफिक्स पुरते. इंटरनेट चांगले असेल, तर यंत्र घेताना कार्डावर पैसे घालवू नयेत. चौथ्या वर्षी ऑनर्सचा संशोधन प्रकल्प संगणकीय असेल, तर मार्गदर्शकांशी बोलून तेव्हा ठरवावे. अनेकदा विभागातलाच एखादा संगणक वापरायला मिळतो.

२०. प्रकल्प मराठीत लिहायचा आहे. लाटेकमध्ये मराठी आणि सूत्रे एकत्र येतात का?

येतात, आणि सुंदर येतात. त्यासाठी झीलाटेक किंवा लुआलाटेक हे इंजिन निवडावे, पॉलिग्लॉसिया पॅकेजमध्ये मराठी भाषा सांगावी आणि देवनागरी फाँट द्यावा. आयआयटी मुंबईत तयार झालेला शोभिका हा मोफत फाँट मला छापील पुस्तकाच्या सर्वांत जवळचा वाटतो. प्रोसेसर हळू असला, तर साठ-सत्तर पानांचा प्रकल्प तयार व्हायला काही सेकंद अधिक लागतात, एवढाच फरक पडतो. फाइल युनिकोडमध्येच असावी. जुन्या डीटीपी फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर तेथे चालत नाही.

२१. पैसे देण्यापूर्वी शेवटचे काय तपासावे?

खोक्यावरचा, लॅपटॉपच्या तळाचा आणि पावतीवरचा अनुक्रमांक एकच आहे का, हे पाहावे. निर्मात्याच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला, की वॉरंटी कधी सुरू झाली ते दिसते. ती तारीख काही महिने जुनी असेल, तर ते यंत्र आधी कोणीतरी सुरू केलेले असण्याची शक्यता आहे. प्रश्न ५ मध्ये सांगितल्याप्रमाणे टास्क मॅनेजर उघडून रॅम आणि प्रोसेसरचा पूर्ण आकडा पावतीशी जुळवावा, कारण एकाच नावाच्या मॉडेलमध्ये चार-पाच प्रकार असतात आणि नमुन्यात दाखवलेला प्रकार खोक्यात असेलच असे नाही. तुमच्या जिल्ह्यात अधिकृत सेवाकेंद्र आहे का, हेही तेव्हाच विचारून घ्यावे. बिजागरीसाठी दोनशे किलोमीटर जावे लागणारा लॅपटॉप हजार रुपयांनी स्वस्त असला, तरी महागच पडतो.